राजराज चोळ: एवढ्या मोठ्या देवळाला पैसा कुठून आला?

भटकी:
पुढच्या महिन्यात तंजावरला जातेय. बृहदीश्वराबद्दल शोधलं की सगळीकडे तेच ते: शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, माथ्यावर ८० टनांचा अखंड दगड, हत्तींनी चढवला, वगैरे. ते बांधणारा राजराज (राज्यकाळ इ.स. ९८५ ते १०१४) राजा म्हणून कसा होता, हे कुणी सांगेल का? आणि एवढा पैसा आणला कुठून?

खतावणी:
सावली पडते. उन्हं कलल्यावर स्वतः बघा, जमल्यास गाईडलाही दाखवा.

पैशाचं विचारलंत म्हणून लिहितो. उभी हयात सहकारी संस्थांच्या ऑडिटमध्ये गेली, त्यामुळे मी ६० मीटरच्या विमानापेक्षा (गाभाऱ्यावरच्या शिखरापेक्षा) जोत्याकडेच बघत बसलो. मला तमिळ येत नाही, इंग्रजी भाषांतराची प्रिंट घेऊन गेलो होतो. जोत्यावर कोरलाय तो चक्क जमाखर्च! राजाचा हुकूमच आहे की आम्ही दिलेलं, आमच्या अक्कांनी (म्हणजे कुंदवैनं) दिलेलं, आमच्या राण्यांनी आणि इतरांनी दिलेलं सगळं दगडावर कोरा.

आणि काय ती नोंद! एकेका दागिन्यात मोती किती, गोल किती, साल निघालेले किती, वजन आत भरलेली लाख (राळेसारखी) धरून की कसं, सगळं लिहिलंय. सोनं तोलायचं वजन वेगळं, जडजवाहिराचं वेगळं, दोन्हींना देवाची नावं. आमच्या कित्येक सोसायट्यांचं डेडस्टॉक रजिस्टर याच्या पासंगालाही पुरलं नसतं.

एका नंदादीपामागे ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी. जनावरं गुराख्यांच्या ताब्यात, त्यांनी रोज ठरलेलं तूप आणून घालायचं. मेंढ्या मरोत, विओत, देवाच्या खात्यावर ९६ कायम. रोकड गावच्या सभांकडे ठेव म्हणून, व्याज साडेबारा टक्के. कुठल्या व्याजातून कापूर, कुठल्यातून देवाच्या स्नानाच्या पाण्यात घालायचे वेलदोडे नि चाफ्याच्या कळ्या, तेही ठरलेलं. मुद्दल आचंद्रसूर्य गावाकडेच.

कट्टेकरी:
+१. देवळात नाचणाऱ्या ४०० जणींची यादीही आहे. कुठल्या देवळातून आणली, कुठल्या आळीत घर दिलं, सगळं नावानिशी. प्रत्येकीला वर्षाला १०० कलम (धान्याचं जुनं माप) भात. त्यांना तिथे यायचं होतं का, हे मात्र कुणी कोरलेलं नाही.

कावेरीकाठ:
प्राकाराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेखही चुकवू नका. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा अख्खा इतिहास कोरून घेतलाय. आणि तो मोठा नंदी राजराजाचा नव्हे, नंतरच्या नायक राजांच्या काळातला.

भटकी:
खतावणीकाका, भारीच. पण ही खर्चाची बाजू झाली. मुळात जमा कुठून?

खतावणी:
रास्त प्रश्न. कावेरीकाठचा भातशेतीचा सारा हा मोठा आधार. इ.स. १००० च्या सुमारास राजराजानं जमिनीची मोजणी करून घेतली होती. दुसरी बाब लुटीची, आणि तीही लपवलेली नाही. सत्याश्रयाला जिंकून परतल्यावर देवाला सोन्याची फुलं वाहिल्याचं तिथेच कोरलंय. हा सत्याश्रय उत्तरकालीन चालुक्यांचा, आपल्याकडचा बराच मुलूख त्या घराण्याखाली होता. धारवाडकडच्या होट्टूरच्या १००७ च्या लेखात हीच स्वारी दुसऱ्या बाजूनं येते: नऊ लाखांची चोळ फौज, देश लुटला, बायका, मुलं, ब्राह्मण मारले. नऊ लाख फुगवलेलेच असणार, पण उगाच कुणी एवढा आकांत कोरत नाही. सिंहलातही (श्रीलंकेत) तेच. अनुराधपूर उद्ध्वस्त झालं आणि तिकडची काही गावं तंजावरच्या देवळाला लावून दिली. तिथून भात, रोकड आणि मोहाचं तेल यायचं.