लाइफ गेममधले चौकोन म्हणजे मासळी, असं धरायचं का?

मिऱ्याकाठ: गणितज्ञ कॉन्वेचा लाइफ गेम, म्हणजे चौकोनी घरांच्या जाळीवर (ग्रिडवर) नियमाने पिढ्या पुढे सरकवायचा खेळ, शिकवताना सगळीकडे तेच सांगतात, भोवतालच्या आठ घरांत २ किंवा ३ जिवंत असले तर टिकला, कमी असले तर एकटा पडून मेला, जास्त झाले तर गर्दीने मेला, आणि रिकाम्या घराला बरोबर ३ शेजारी असले की जन्म. मग म्हणे ही लोकसंख्या! मला अजिबात पटत नाही. भूक नाही, वय नाही, ऋतू नाही. पाच घरांचा आर-पेंटोमिनो ११०३ पिढ्या धुमसतो आणि ११६ घरांवर स्थिरावतो, पाच घरांचे बाकीचे आकार दहाएक पिढ्यांतच निवतात. तारलीचं असं होतं कुठे?

रापणवाला: मास्तर, एका लाइफ गेमवरून सगळ्यांना नापास करू नका. १९८४ चा ड्यूडनीचा वा-टोर बघा, तसाच ग्रिडवरचा खेळ, पण मासे आणि मोऱ्या म्हणजे शार्क यांचा. मासा शेजारच्या रिकाम्या घरात सरकतो, वय झालं की मागे पिल्लू सोडतो, मोरीला शेजारी मासा मिळाला तर खाते, नाहीतर उपाशी मरते, तीही वयात आली की विते. बस. चालवलं की आधी मासे वाढतात, मग उशिराने मोऱ्या, मग मासे आटतात आणि त्यांच्यामागून मोऱ्या, हा उशीर नियमात कुणीच लिहिलेला नाही. व्होल्टेराच्या शिकारी-भक्ष्याच्या समीकरणातही असं चक्र येतं पण तिथे समुद्र म्हणजे ढवळलेलं पातेलं, ग्रिडवर एक कोपरा साफ झाला तरी दुसरीकडे मासा वाचतो आणि तिथून परत पसरतो. मला हेच महत्त्वाचं वाटतं.

मिऱ्याकाठ: वय आणि भूक घातली म्हणून जमलं, म्हणजे माझंच म्हणणं झालं ना. आणि पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढून खालून आवळायचं जाळं, एका वेढ्यात अख्खा थवा उचलतं, ते कुठे बसवणार?

हर्णैवाली: बसतं की! काही पावलांनी एक मोठा तुकडा रिकामा करायचा, १ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीसाठी तेवढी पावलं जाळं थांबवायचं.

मिऱ्याकाठ: आणि पडताळणार कशावर? बंदरात उतरलेला माल मोजता येतो, समुद्रात उरलेला नाही. बोटी मासळी असेल तिथेच जातात, त्यामुळे समुद्रातली मासळी आटत आली तरी बंदरातला वजनकाटा बराच काळ भरल्यासारखाच दिसतो.

रापणवाला: मग बोटींनाही नियम द्या, भरलेलं घर दिसेल तिकडे वळायचं. ग्रिडवर उतरलेला माल आणि उरलेला मासा दोन्ही मोजता येतात, काटा किती उशिरा खरं बोलतो ते तिथे तरी कळेल.