मदत हवी आहे: पिकोवरच्या डीबग प्रोबला कोणता ड्रायव्हर लागतो?

सांजतारा
नमस्कार. एका रास्पबेरी पाय पिकोवर (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) डीबग प्रोबचे फर्मवेअर टाकले असून त्याच्या साहाय्याने दुसऱ्या पिकोवरचा प्रोग्राम तपासायचा आहे. वायरी आकृतीप्रमाणे जोडल्या आहेत, तरीही ओपनओसीडी (संगणकावरून प्रोब चालवणारा प्रोग्राम) सुरू करताच जुळणारे सीएमएसआयएस-डीएपी (प्रोबशी बोलण्याची प्रमाण पद्धत) उपकरण सापडत नाही असे सांगून बंद पडते. शुक्रवारी महाविद्यालयात प्रकल्पाचे परीक्षण आहे आणि ठिबकच्या व्हॉल्व्हचा कोड नेमका कुठे अडकतो ते प्रोबशिवाय कळणार नाही, म्हणून कोणता ड्रायव्हर टाकायचा एवढेच कृपया लवकर सांगावे.

अर्धवाहक
ऑपरेटिंग सिस्टम कोणती, ओपनओसीडी कुठून घेतले आणि त्या ओळीच्या वर काय छापून येते, हे आधी लिहा. शेवटच्या ओळीत फक्त परिणाम दिसतो. कारण बहुतेक वेळा तिच्या वरच्या ओळीत असते.

निळी_वायर
झॅडिग (विंडोजवर यूएसबी ड्रायव्हर बदलणारे साधन) उतरवून घ्या आणि प्रोबला विनयूएसबी ड्रायव्हर लावा. मी दर वेळी हेच करतो. शिवाय माझे प्रामाणिक मत असे की एसटी-लिंक हा एसटी कंपनीचा प्रोब घ्यावा. त्यांच्या न्यूक्लिओ बोर्डांवर तो बसवलेलाच येतो आणि त्याचे फर्मवेअर अद्ययावत करण्याचे साधन एसटी कंपनी स्वतः देते.

रात्रपाळी
निळी_वायर, दोन्ही सूचनांशी असहमत आहे. झॅडिग जुन्या पिकोप्रोबसाठी (याच फर्मवेअरची आधीची आवृत्ती) लागत असे. आताचे फर्मवेअर विनयूएसबी हवा असल्याचे विंडोजला स्वतःच कळवते, आणि झॅडिगमध्ये चुकीचा इंटरफेस निवडला गेला तर सीरियल पोर्टही हातचा जातो. एसटी-लिंकचे म्हणाल, तर पिकोवरच्या आरपी२०४० चिपचे दोन्ही कोर एकाच एसडब्ल्यूडी (डीबगसाठीच्या दोन तारांच्या) जोडणीवर मल्टिड्रॉप पद्धतीने, म्हणजे त्याच तारांवर एकत्र, बसवलेले आहेत आणि एसटी-लिंकला ती पद्धत येत नाही.

निळी_वायर
माझे काम एसटीच्या एसटीएम३२ चिपांवर चालते आणि तिथे एसटी-लिंकने मला कधी दगा दिलेला नाही, एवढेच म्हणायचे होते.

सांजतारा
माझ्याकडे विंडोज नाही. उबुंटू २४.०४ आहे आणि ओपनओसीडी रास्पबेरी पायच्या शाखेचा सोर्स घेऊन बांधले आहे. वरच्या ओळीत २ई८ए:०००सी हा क्रमांक आणि लिबयूएसबी या यूएसबी लायब्ररीची ‘अ‍ॅक्सेस’ त्रुटी दिसते. यूडेव्हच्या (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या ठरवणारी यंत्रणा) फोल्डरमध्ये ९९ने सुरू होणारी नियमांची फाइल करून तिच्यात ‘यूअ‍ॅक्सेस’ हा टॅग घातला, पण फरक पडला नाही. सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावले की ही त्रुटी जाते आणि आरपी२०४०शी मल्टिड्रॉप जोडणी झाली नाही अशी दुसरीच येते.

निळी_वायर
मग सुडो लावूनच चालवा, परीक्षणापुरते भागेल.

अर्धवाहक
भागणार नाही, कारण दुसरी त्रुटी सुडोनेही जात नाही. इथे दोन स्वतंत्र अडचणी आहेत आणि पहिली ड्रायव्हरची नसून परवानगीची आहे. लिनक्सवर या प्रोबला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. उबुंटूच्या भांडारातून ओपनओसीडी घेतले असते तर यूडेव्हचे नियम त्याच्यासोबत आपोआप आले असते. सोर्समधून बांधताना ते स्वतः उचलावे लागतात: ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरमधली ६०ने सुरू होणारी ओपनओसीडीची नियमांची फाइल यूडेव्हच्या फोल्डरमध्ये ठेवा, नियम पुन्हा वाचायला लावा आणि प्रोबची केबल काढून परत लावा. तुमची ९९ची फाइल निष्फळ ठरली ती क्रमामुळे, कारण नियमांच्या फाइली क्रमांकानुसार वाचल्या जातात. यूअ‍ॅक्सेस टॅग पाहून वापरकर्त्याला परवानगी देण्याचे काम सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा व्यवस्थापकाच्या ७३ क्रमांकाच्या फाइलमध्ये होते. त्यानंतर लावलेला टॅग कोणी पाहतच नाही.

रात्रपाळी
दुसऱ्या त्रुटीबद्दल विचारतो: प्रोब म्हणून वापरलेला बोर्ड साधा पिको आहे ना, आणि त्यावर टाकलेल्या यूएफटू (फर्मवेअरच्या) फाइलच्या नावात शेवटी ‘ऑन पिको’ हे शब्द होते का?

सांजतारा
बोर्ड साधा पिकोच आहे. फाइलचे नाव नुसते ‘डीबगप्रोब’ असे होते.

रात्रपाळी
मग कारण तेच आहे. ती फाइल रास्पबेरी पाय विकते त्या तयार डीबग प्रोबसाठी असते आणि त्यात एसडब्ल्यूडीची घड्याळाची (क्लॉकची) पिन जीपी१२वर असते. साध्या पिकोसाठीच्या फाइलमध्ये घड्याळ जीपी२वर आणि डेटा जीपी३वर येतो, आणि आकृतीप्रमाणे तुमच्या वायरीही तिथेच असणार. यूएसबीच्या बाजूने दोन्ही फाइली सारख्याच दिसतात, म्हणून संगणक प्रोब ओळखतो. पलीकडच्या बोर्डाला मात्र संकेत पोहोचतच नाही. बूटसेल बटण दाबून धरून केबल लावा, आरपीआय-आरपी२ ही ड्राइव्ह उघडली की ‘ऑन पिको’वाली फाइल तिच्यात टाका.

सांजतारा
दोन्ही बदल केले. आता सुडोशिवाय जोडणी होते आणि प्रोग्राम ब्रेकपॉइंटवर थांबतो. आपल्या सर्वांचे मनापासून आभार. मात्र सीरियल पोर्ट उघडला तरी त्यावर एकही अक्षर येत नाही.

अर्धवाहक
प्रोबचा जीपी४ दुसऱ्या पिकोच्या जीपी१ला आणि प्रोबचा जीपी५ त्याच्या जीपी०ला जोडलेला आहे का ते पाहा. पाठवणारी पिन समोरच्या घेणाऱ्या पिनेलाच जायला हवी. वायरी बरोबर असतील तर प्रोग्राममध्ये स्टँडर्ड आउटपुट यूएसबीऐवजी यूआर्टवर (या सीरियल पिनांवर) वळवले आहे ना, ते सीमेकच्या (प्रोग्राम बांधण्याच्या) फाइलमध्ये तपासा.