मन बदलले म्हणून परत आलेल्या मालाचा खर्च लहान विक्रेत्याने का भरावा?

करवीरकर (चर्चेचा प्रस्ताव)

ऑनलाइन बाजारपेठांवर ‘सात दिवसांत मोफत परत’ अशी जी सवलत ग्राहकाला दिली जाते, तिचा खर्च प्रत्यक्षात कोणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न मला चर्चेसाठी मांडायचा आहे. माझे मत आधीच सांगतो. मालात खोट असेल, चुकीची वस्तू गेली असेल किंवा वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर परतीचा सगळा भार विक्रेत्याने उचललाच पाहिजे. मात्र मन बदलले, घरी पाहिल्यावर नको वाटले, किंवा दोन मापे मागवून एक ठेवायचे आधीच ठरले होते, अशा परतीचा खर्च विक्रेत्याच्या पैशांतून परस्पर कापून घेणे मला अन्यायाचे वाटते, कारण ही सवलत जाहीर करणारा, तिच्या जोरावर ग्राहक मिळवणारा आणि तिचे पैसे भरणारा हे तीन वेगळे पक्ष आहेत.

आमचे कुटुंब कोल्हापुरी चपला विकते. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या, महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांत बनणाऱ्या याच त्या चपला. वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले चामडे वापरता वापरता पायाचा आकार घेते. हाच तिचा गुण आहे, आणि परतीच्या बाबतीत हीच अडचण आहे. एका समारंभापुरती घातलेली जोडी परत आली, तर तळावर ठसा उमटलेला असतो आणि ती नवी म्हणून विकता येत नाही.

हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा चपलेची किंमत ९०० रुपये आहे, तिला बनवायला ६०० रुपये लागले, आणि कमिशन, पाठवणी, खोका यांत १७० रुपये गेले. हातात उरले १३०. तीच जोडी परत आली, तर जाण्याचे आणि येण्याचे भाडे व खोका मिळून २०० रुपये सहज जातात, म्हणजे दीड विक्रीचा नफा संपतो. जोडी वापरून परत आली, तर त्यात चपलेचे ६०० मिळवावे लागतात, आणि ते ८०० रुपये भरून काढायला आणखी सहाहून अधिक जोड्या विकाव्या लागतात. खोक्यातून कोणाची तरी जुनी चप्पल परत आल्याचा अनुभवही आम्हाला आहे. त्याविरुद्ध केलेला दावा छायाचित्रे अपुरी असल्याचे सांगून नाकारला गेला.

एक खुलासा. दारात पार्सल न स्वीकारल्याने माल परत येतो, ज्याला आम्ही आरटीओ म्हणतो, तो प्रश्न वेगळा आहे आणि बराचसा कॅश ऑन डिलिव्हरीशी जोडलेला आहे. मी इथे फक्त स्वीकारून, उघडून, मग परत केलेल्या मालाबद्दल बोलत आहे.

ग्राहकपक्ष

आपला हिशेब मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्याकडच्या दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या लटकत होती. ती हटवण्यासाठी सत्तरच्या दशकापासून ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी किती खस्ता खाल्ल्या, हे माझ्या वयाच्या लोकांनी पाहिले आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याच्या जागी २०१९ चा आला, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी सदोष, बनावट, जाहिरातीप्रमाणे नसलेला किंवा दिलेल्या मुदतीनंतर पोहोचलेला माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. आपण म्हणाल, मी याला कुठे विरोध करतो? बरोबर आहे. पण आपली विभागणी कागदावर जितकी स्वच्छ दिसते तितकी ती व्यवहारात नाही.

‘रंग आवडला नाही’ असे कारण ग्राहक निवडतो, तेव्हा पुष्कळदा त्याला म्हणायचे असते की छायाचित्रात रंग गडद होता आणि हातात आला तो फिका आहे. हे मन बदलणे आहे की वर्णनाप्रमाणे वस्तू नसणे? दुकानात तो कापड उजेडात नेऊन पाहतो, चपलेत पाय घालून दोन पावले चालतो. ऑनलाइन खरेदीत ही संधी त्याला पैसे दिल्यावरच मिळते, म्हणून काही दिवसांची परत हा मला त्या व्यवहाराचा अविभाज्य भाग वाटतो.

शिवाय मन बदलल्याच्या परतीला पैसे लावले, की प्रत्येक ग्राहक ‘सदोष’ हाच पर्याय निवडेल. आज तो निदान खरे कारण सांगतो. उद्या आपल्याला भाडेही भरावे लागेल आणि सदोष मालाचा शिक्काही बसेल, जो पुढच्या ग्राहकाला दिसेल.

झाडीपट्टी

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. इथे कपड्यांची दुकाने आहेत, पण नोकरीवर घालायचे कुर्ते माझ्या मापाचे मिळत नाहीत, आणि त्यासाठी नागपूरला जायचे तर एक रजा आणि बसभाडे दोन्ही जातात. मोफत परत आहे म्हणून मी मागवते.

करवीरकर, तुम्ही एका गोष्टीचा विचार करावा असे मला वाटते. नावाजलेल्या ब्रँडचे माप मला माहीत आहे, तो परत घेणार नसला तरी मी तो मागवीन. ज्या विक्रेत्याचे नाव मी कधी ऐकलेले नाही, त्याच्याकडून मागवायचा धीर मला फक्त परतीच्या हमीमुळे होतो. ती काढून घेतलीत, तर मी मोठ्या ब्रँडकडे जाईन आणि नुकसान तुमचेच होईल. परतीचा खर्च तुम्हाला तुमच्या खात्यात दिसतो. परत होती म्हणून झालेली विक्री मात्र वेगळी दिसत नाही, त्यामुळे ती हिशेबात धरली जात नाही.

हिशेबनीस

मी लहान व्यावसायिकांचे जीएसटीचे काम पाहतो, म्हणून वरच्या उदाहरणात न आलेली बाजू मांडतो.

बाजारपेठ विक्रेत्याचे पैसे देताना करापोटी काही रक्कम कापून ठेवते. ऑक्टोबर २०१८ पासून हा दर १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे. ही कपात परत आलेला माल वजा करून उरलेल्या विक्रीवर होते, त्यामुळे कराचे नुकसान फार नाही, पण विक्री एका महिन्यात आणि परत पुढच्या महिन्यात आली, की विवरणपत्रांची जुळवाजुळव करावी लागते. मोठ्या कंपनीत हे काम संगणकप्रणाली करते, लहान विक्रेत्याला त्याचे मला पैसे द्यावे लागतात.

खरा फटका भाड्यावरच्या करात आहे. बाजारपेठेच्या पाठवणी आणि परतीच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. नोंदणीकृत विक्रेत्याला तो वळता करून घेता येतो, म्हणजे स्वतः भरायच्या करातून वजा करता येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेत असलेल्या लहान विक्रेत्यांना, राज्याच्या आतच माल विकायचा असेल तर, नोंदणीशिवाय ऑनलाइन विक्री करता येते. ही सवलत चांगली आहे, पण अशा विक्रेत्याला भाड्यावरचा कर वळता करता येत नाही, तो त्याचा खर्चच होऊन बसतो. म्हणजे एकाच परतीचा खर्च जो सर्वांत लहान आहे त्यालाच अधिक पडतो. ग्राहकपक्ष यांनी तत्त्वाची बाजू चांगली मांडली, पण हा भार सर्वांवर सारखा पडतो असे गृहीत धरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

राइनकाठ

मी बरीच वर्षे जर्मनीत आहे, आणि इथला अनुभव या चर्चेला उपयोगी पडेल. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार ऑनलाइन खरेदी कोणतेही कारण न देता १४ दिवसांत रद्द करता येते. भारतात मन बदलल्याबद्दल असा कायदेशीर हक्क नाही, तिथे मोफत परत हे व्यापारी धोरण आहे. मात्र याच निर्देशात आणखी दोन तरतुदी आहेत. पहिली अशी, की परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाने करावा, असे विक्रेता आधी कळवून ठरवू शकतो. दुसरी अशी, की वस्तू पारखण्यासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा जास्त वापर झाला आणि त्यामुळे किंमत घटली, तर त्या घटीची जबाबदारी ग्राहकाची असते. घरात पाय घालून पाहणे चालते, लग्नाला घालून जाणे चालत नाही. करवीरकर यांच्या तळावरच्या ठशाला याचे थेट उत्तर आहे.

पण कायदा बदलल्याने व्यवहार बदलतोच असे नाही. जर्मनीत जून २०१४ पूर्वी ४० युरोपेक्षा महाग वस्तूच्या परतीचे भाडे सर्वसाधारणपणे विक्रेत्याकडे होते. ते बंधन गेले, तरी मोठ्या कंपन्यांनी परत मोफतच ठेवली, आणि ग्राहकाला तीच सवय लागल्याने लहान दुकानांना पैसे मागणे जड गेले. पुढे २०२२ मध्ये झारा या कपड्यांच्या कंपनीने ब्रिटनसारख्या काही देशांत टपालाने येणाऱ्या परतीला शुल्क लावले, पण दुकानात आणून दिल्यास परत मोफत ठेवली. ज्याच्याकडे शहरोशहरी दुकाने आहेत त्यालाच हे जमते.

ग्राहकपक्ष

राइनकाठ यांचे आभार, पण या उदाहरणातून सोयीचे तेवढेच उचलले जाईल अशी मला भीती वाटते. युरोपात भाडे ग्राहकाकडे जाऊ शकते, कारण तिथे आधी विनाकारण परत करण्याचा हक्क कायद्याने पक्का केला आहे. आपल्याकडे तो पाया नसताना फक्त भाडे ग्राहकावर टाकले, तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. करवीरकर १४ दिवसांचा हक्क मान्य करायला तयार आहेत का? असतील, तर भाड्याबद्दल बोलता येईल.

सुईदोरा

मी डोंबिवलीत घरूनच लहान मुलींच्या शिवलेल्या नऊवारी आणि ब्लाउज शिवून विकते. माझा अनुभव दोन्ही बाजूंना पूर्णपणे पटणार नाही.

सुरुवातीला माझ्याकडे परतीचे प्रमाण फार होते. मग ‘सहा ते सात वर्षे’ असे माप लिहिणे मी बंद केले आणि खांदा, छाती, कमरेपासून पायापर्यंतची उंची इंचांत देऊ लागले, सोबत मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्रही टाकले. मापाच्या तक्रारी लक्षात येण्याइतक्या कमी झाल्या. म्हणून सगळी परत ग्राहकाच्या लहरीने होते असे मी म्हणणार नाही. बरीच परत विक्रेत्याच्या त्रोटक माहितीमुळे होते, आणि ती कमी करणे आपल्या हातात आहे.

पण गौरी-गणपती आणि गुढीपाडव्यानंतर जी परत येते, तिला कोणतीही मोजपट्टी रोखू शकत नाही. ओच्यावर हळदीचा डाग, काखेत घामाचा वास, आणि कारण लिहिलेले असते ‘माप बरोबर नाही’. परतीचा माल न्यायला ग्राहकाच्या घरी जाणारा मुलगा फक्त खोका मोजतो, आत काय आहे ते पाहत नाही. मी आता माझ्या स्वतःच्या ग्राहकांना माप बदलून देणे मोफत ठेवले आहे, पैसे परत फक्त माझी चूक असेल तर. त्यांतले बहुतेक जण टिकले. बाजारपेठेवर मात्र मला हा नियम ठेवता येत नाही, तिथे माझ्या प्रकारच्या कपड्यांना जो नियम आहे तोच मला लागू होतो.

करवीरकर

ग्राहकपक्ष, आपल्या थेट प्रश्नाला थेट उत्तर देतो. विनाकारण परतीचा हक्क कायद्याने द्यायचा असेल, तर तो मला मान्य आहे, १४ दिवसही मान्य आहेत, पण त्याच्यासोबत वापरामुळे झालेल्या घटीची जबाबदारी आणि भाडे कोणाचे हे ठरवण्याची मुभा, या दोन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. २०२० च्या नियमांतही परतीच्या पाठवणीचा खर्च किती, याची माहिती विक्रेत्याने स्पष्ट द्यावी असे म्हटले आहे. म्हणजे हा खर्च असतो, आणि तो ग्राहकाला दिसला पाहिजे, हे नियमांना अभिप्रेत आहे. आज तो त्याला दिसत नाही.

सगळे ग्राहक ‘सदोष’ हेच कारण देतील, हा आपला आक्षेप मात्र वजनदार आहे. त्यावर उपाय सुईदोरा यांच्या प्रतिसादातच आहे. माल न्यायला येणाऱ्याने खोका दारातच उघडावा, तळाचे आणि वरच्या बाजूचे छायाचित्र घ्यावे, आणि ते ग्राहक व विक्रेता या दोघांनाही मिळावे. महागड्या मोबाइलच्या बाबतीत असे दारातले तपासणे चालते, मग चपलेच्या बाबतीत का चालू नये? त्याला वेळ आणि पैसा लागेल हे मला कळते, पण तो खर्च बाजारपेठेने उचलावा, कारण परतीचे आश्वासन तिने दिलेले आहे.

झाडीपट्टी, तुमचा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटला, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अनोळखी विक्रेत्याला परतीची हमी ग्राहक मिळवून देते, हे खरे आहे. म्हणूनच मी ती बंद करा असे म्हणत नाही. ती द्यायची की नाही, कोणत्या मालावर द्यायची, हे विक्रेत्याने ठरवावे असे म्हणतो. ओएनडीसी या सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ऑनलाइन व्यापाराच्या खुल्या जाळ्याच्या रचनेत प्रत्येक वस्तूपुढे ती परत घेतली जाईल की नाही आणि किती दिवसांत, हे विक्रेता नोंदवू शकतो. काही बाजारपेठांवर फक्त सदोष वा चुकीचाच माल परत करण्याची अट मान्य केल्यास कमी किंमत दिसते, अशीही सोय आली आहे. दोन्ही किमती समोर असतील, तर मोफत परतीची किंमत किती, हे ग्राहकाला कळेल आणि त्याला जे हवे ते तो घेईल.

झाडीपट्टी

दोन किमतींची सोय मी पाहिली आहे आणि मी नेहमी जास्त किमतीचा पर्याय घेते. मला तो परवडतो. माझ्या शेजारीण अंगणवाडीत काम करतात, त्या चाळीस-पन्नास रुपये वाचवण्यासाठी कमी किमतीचा घेतात, आणि माप चुकले तर कुर्ता तसाच पडून राहतो. म्हणजे परतीची सोय आता ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यासाठी राहील. दारात छायाचित्र घेण्याला मात्र माझी काहीच हरकत नाही. मी न वापरलेलाच कुर्ता परत करते, मग तो उघडून पाहिला तर मला कशाला वाईट वाटेल?