मनातला किल्ट कसा असावा?

एडिंबरावासी: स्वतःसाठी किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा) शिवून घ्यावा असे मनात आहे. गडद निळ्या-हिरव्या चौकटी आणि त्यांतून जाणारी एकच बारीक केशरी रेघ, असे टार्टन (किल्टच्या कापडावरची चौकटींची नक्षी, जी बहुधा एकेका कुळाची ओळख मानतात) मी कल्पिले आहे. कोणत्याही स्कॉटिश कुळाशी नाते नसताना ते नेसणे योग्य ठरेल का? कापड किती लागेल?

वारकापड: कुळाची अट नाही, 2009 पासून सुरू असलेल्या स्कॉटलंडच्या अधिकृत टार्टन नोंदवहीत व्यक्तींनी रचलेली टार्टनही नोंदवली जातात. पारंपरिक किल्टला सुमारे 8 वार लोकरी कापड लागते, कारण त्यातले बरेचसे मागच्या चुण्यांतच जिरते. (नऊवारीपेक्षा जेमतेम एक वार कमी!)

जुना शिंपी: चुण्यांचा विचार आधी करावा. मागेही चौकटींची नक्षी अखंड दिसेल अशा चुण्या घालता येतात, किंवा प्रत्येक चुणीवर एकच ठरावीक उभी रेघ आणता येते. ही दुसरी पद्धत सैनिकी किल्टांत रूढ आहे. केशरी रेघ प्रत्येक चुणीवर आली तर भडक दिसेल, म्हणून मी निळा पट्टा वर घेऊन उभी केशरी रेघ चुणीच्या आत ठेवीन, म्हणजे ती चालतानाच क्षणभर झळकेल.

एडिंबरावासी: मग निळा पट्टाच नक्की.