एपिग्लॉटायटिस आता मोठ्यांचाच आजार म्हणायचा का?

निपाणीचा भाचा:
गेल्या पावसाळ्यात मामांचा घसा धरला. वय 52, साखर आहे, बिडी सुटलेली नाही. दवाखान्यात टॉर्च लावून बघितलं, घसा साधाच दिसला, गोळ्या दिल्या. रात्री थुंकी गिळवेना, आवाज तोंडात घास धरून बोलल्यासारखा. बेळगावला नेलं. तिथं नाकातून दुर्बीण घालून बघितल्यावर कळलं, श्वासनळीवरचं झाकण, म्हणजे एपिग्लॉटिस, सुजलंय. हाच एपिग्लॉटायटिस. पडजीभ वेगळी, ती टाळूला लोंबते. हे झाकण जिभेच्या मुळाशी खाली असतं, टॉर्चला कुठलं दिसणार? लोक हा पोरांचा आजार समजतात, म्हणून मोठ्या माणसाकडं लक्षच जात नाही. जिथं पोरांना याविरुद्धची लस देणं रुजलं तिथं आता मोठीच माणसं जास्त सापडतात. मोठ्यांचाच आजार म्हणून सांगायला पाहिजे.

खानापूरची आशा:
दादा, मामा सुटले हे बरं झालं. पण तो 'च' मागं घ्या. मुलांत हा आजार आपोआप कमी झाला नाही. पूर्वी दोन ते सात वर्षांच्या पोरांना तो व्हायचा तो मुख्यतः हिब जिवाणूनं, आणि त्याची लस पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच रोगांच्या एकत्र लसीत, असते: 6, 10 आणि 14 आठवड्यांना. आमच्याकडं सून बाळंतपणाला चंदगडकडं माहेरी जाते, मग डोस तिकडं की इकडं यात एखादा राहतोच. मागच्या महिन्यात एका घरी थायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदीचं कार्ड, उघडलं, 14 आठवड्यांची चौकट कोरी. बाळ सात महिन्यांचं. 'सुईनं ताप येतोय, सासूबाई नको म्हणाल्या.' त्या आईला मी मोठ्यांचा आजार म्हणून सांगू?

चिकोडीकर:
लस घेऊनही होतोच की. मग एवढा आग्रह कशाला? उकळता चहा ढोसणं बंद करा, झालं.

निपाणीचा भाचा:
चहानं पोळून सूज येते, खरं आहे. पण बहुतेक वेळा जिवाणूच असतात. हिब गेला तरी न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस आहेतच, त्यांना हिबची लस लागू नाही. म्हणून लस फुकट गेली असं होत नाही. पोरांचा सगळ्यात मोठा वैरी तिनंच अडवला. ताई, 'च' काढला. पण साखरवाल्या माणसाला गिळताना असह्य दुखतंय आणि घसा साधा दिसतोय, तर 'टॉन्सिल असेल' म्हणून घरी पाठवू नका, हे मी सांगतच राहणार.

खानापूरची आशा:
सांगा की, जरूर सांगा. त्यात एवढं घाला: पोर पुढं वाकून, हनुवटी काढून बसलंय, लाळ गळतेय, श्वास घेताना आवाज येतोय, तर चमच्यानं जीभ दाबून बघू नका, आडवं निजवू नका. श्वास तिथंच अडकू शकतो. आईच्या मांडीवर बसवूनच मोठ्या दवाखान्यात न्या.

त्या बाळाला गुरुवारी उपकेंद्रावर बोलावलंय. सासूबाईंनाही संगं घेऊन या म्हटलं.