मदत हवी आहे : दादासाहेब खापर्डे यांच्या अमरावतीतल्या वकिलीची कागदपत्रं

गणेश श्रीकृष्ण खापर्डे सरकारी नोकरी सोडून अमरावतीत वकील झाले आणि १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्षही. राजकारणावर भरपूर छापलंय. मला त्यांचे खटले हवेत, कारण वऱ्हाडातला त्यांचा दबदबा कोर्टातच घडला.

अडचण अशी की मुंबई इलाख्याच्या दप्तरात शोधून उपयोग नाही. १९०३ पर्यंत वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटकडे (निजामाच्या दरबारातला ब्रिटिश प्रतिनिधी) होता, अपिलं ज्युडिशियल कमिशनरकडे, म्हणजे वऱ्हाडातल्या सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याकडे जात. पुढे कारभार मध्य प्रांताकडे, म्हणजे नागपूरला गेला.

१९०३ पूर्वीची अपिलांची रजिस्टरं आज कुठे आहेत? सूचीत ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या वऱ्हाडाच्या तेव्हाच्या सरकारी नावाखाली पाहायचं का? कृपया विभाग आणि फाइल-मालिका दोन्ही सांगा. नुसत्या पक्षकाराच्या नावावरून वकील सापडत नाही.