एकच निवेदन पुरणार नाही

पांदण रस्ता (शेतात जाणारा रस्ता), गावचा जोडरस्ता आणि शकुंतला रेल्वे या तिन्ही मागण्या एकाच निवेदनात घालून ते खासदारांना द्यावे, ही येथे आलेली सूचना मला पटत नाही, कारण या तिन्हींचा पैसा वेगवेगळ्या दारांतून येतो. रोजगार हमीतून होणाऱ्या पांदण रस्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि त्या योजनेच्या आराखड्यात समावेश लागतो. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग सहसा जिल्हा परिषदेकडे असतात आणि त्यांच्या निधीचा मोठा भाग जिल्हा नियोजन समितीमार्फत मिळतो. म्हणून आपला रस्ता कोणत्या वर्गात मोडतो आणि त्याचा क्रमांक काय, हे बांधकाम विभागाकडून आधी लेखी घ्यावे.

रेल्वेचे गणित निराळे आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या शकुंतलेच्या या अरुंद रुळांच्या (नॅरोगेज) मार्गाच्या रुंदीकरणाची मागणी जुनी असली (आणि शकुंतलेवर जीव सगळ्यांचाच असला), तरी निर्णय केंद्राचा असतो, आणि खर्चाचा वाटा उचलण्याची राज्याची लेखी तयारी असेल तर प्रस्तावाला बळ मिळते. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गासाठी राज्याने 40 टक्के वाटा स्वीकारलेला आहे. त्यामुळे रेल्वेचे निवेदन खासदारांबरोबरच पालकमंत्र्यांनाही द्यावे, आणि त्यात कापूस, संत्रा व विद्यार्थ्यांची रोजची ये-जा यांचे गावनिहाय आकडे जोडावेत.